बाई, लिहायला कधी शिकवणार?

आम्ही एका बीटमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. माईकसमोर बोलणारी एकच आहे, कारण सगळ्या एकदम बोललो तर तुम्हाला बाजार भरल्यासारखं ऐकू येईल. पण समोरचा कागद सगळ्यांनी मिळून लिहिलाय. बीट सभा संपल्यावर दोन दुपारी शाळेच्या ओट्यावर बसलो, भांडलो, खोडलं, परत लिहिलं. तेव्हा आम्ही "आम्ही" म्हणू ते खरोखरच आम्ही.

तुम्ही आता कुणी तूर निवडत असाल, कुणी गटाच्या पापडांना उन्हात फिरवत असाल. हातातलं काम चालू ठेवा. आमचं बोलणं हाताशी संबंधितच आहे.

मागच्या जूनमध्ये आमच्या बीटमधल्या एका वाडीवरची सात मुलं एकाच आठवड्यात अंगणवाडीतून कमी झाली. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी त्या वाडीपर्यंत यायला लागली होती. साडेतीन वर्षांचं पोर सकाळी साडेसातला अर्धवट झोपेत गाडीत चढायचं आणि दुपारी दोनला उतरायचं, डबा तसाच. त्या महिन्यात तिथल्या बचत गटातून फीसाठी तीन कर्जं उचलली गेली. आमच्यातली एकजण त्या गटात आहे, म्हणून आम्हाला माहीत. ती एका आईला विचारायला गेली, तर आई सरळ म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण तुमच्याकडं नुसतं खेळतात. लिहायला कधी शिकवणार?"

सेविका उत्तर न देता परत आली. आणि खरी शरमेची गोष्ट ही की नव्या अभ्यासक्रमाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आम्हाला तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते. प्रशिक्षणाची वही भरलेली होती, पिशवी मिळाली होती, फोटो निघाले होते. पण एका आईच्या तीन शब्दांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही. आजचं बोलणं त्या उत्तराचं आहे, आणि ते आम्हाला कुठं सापडलं त्याचंही.

आधी थोडं मागचं सांगतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्या बरोबरीनं पूर्वशालेय शिक्षण हेही पहिल्यापासून अंगणवाडीचं काम होतं. पण गावात आमची ओळख काय? खिचडीची शाळा. वजनकाट्याची जागा. त्यात गावाची चूक नाही. आमच्याकडं वजनाचा तक्ता मागायला माणसं आली, मुलांना गोष्ट सांगितली का हे विचारायला फार कमी आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी हे एका ओळीत आलं. १० मे २०२३ ला 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. २०२४ मध्ये दोन पुस्तकं आली: जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला'. आपल्या राज्यात त्याआधी 'आकार' अभ्यासक्रम होताच, त्यामुळं खेळातून शिकवायचं हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं असं नाही. ऐकलं होतं. केलं किती, ते पुढं सांगतो.

'आधारशिला'मध्ये वर्षाचे ४८ आठवडे आखलेले आहेत. पहिले चार आठवडे मुलांना रुळायला, मग ३६ आठवडे खेळातून शिकणं, शेवटचे आठ आठवडे झालेलं पक्कं करायला. आठवड्यात पाच दिवस नवं आणि सहाव्या दिवशी उजळणी. दिवसाची सुरुवात अर्ध्या तासाच्या मोकळ्या खेळानं. मग भाषा, हस्तकला, मोजणं, वर्ग लावणं अशा ठरवून घ्यायच्या कृती. जेवण, विसावा आणि शेवटी बाहेरचा खेळ. रोज निदान दोन तास तरी शिकण्यासाठी राखायचे. कागदावर वाचलं की वाटतं, यात अवघड ते काय?

प्रशिक्षण वरून खाली येतं. आधी प्रकल्प अधिकारी आणि पर्यवेक्षिका शिकतात, मग त्या आम्हाला शिकवतात. वरच्या टाकीतून पाणी सोडलं की शेवटच्या नळाला किती येतं, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या पर्यवेक्षिका ताईंनी स्वतः दोनच दिवस शिकून घेतलं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना त्या शिकवत होत्या. सभागृहाला पत्रा, दिवस उन्हाळ्याचे. पडद्यावर चित्रं दिसायची, अक्षरं उजेडात पुसट व्हायची, आणि त्यातली बरीच हिंदी. पहिल्या दिवशी सकाळी दहाला बसलो ते जेवणापर्यंत. लहान मूल फार वेळ एका जागी बसून ऐकू शकत नाही, त्याचे हात चालले पाहिजेत, असं ताई सांगत होत्या. आमच्यातली एक वयस्कर सेविका मागून म्हणाली, "ताई, आम्हाला पण बसवंना." सगळ्या हसल्या, ताईही हसल्या. पण परत पुढचं चित्र आलं.

दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता वीज गेली, आणि आमचं प्रशिक्षण खरं तर तिथं सुरू झालं.

ताईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवीतून एक डबा काढला आणि सतरंजीवर उपडा केला. चिंचोके, गजगे, शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं, दोन-चार शिंपले. पाच-पाच जणींचे गट केले, प्रत्येक गटापुढं मूठ-मूठ टाकली आणि म्हणाल्या, "वेगवेगळं करा." कसं, ते सांगितलं नाही. एका गटानं रंग लावले. एकीनं लहान-मोठं केलं. तिसऱ्या गटात वाद लागला, कारण एकजण म्हणत होती गडगडतं ते एकीकडं आणि न गडगडतं ते एकीकडं, आणि दुसरी म्हणत होती पाण्यात बुडणारं आणि तरंगणारं. चिंचोका बुडतो की तरंगतो यावर पाच बाया अर्धा तास बोलत होत्या. शेवटी एक उठून तांब्या घेऊन आली. ताई सगळ्या गटांत फिरत होत्या आणि एवढंच विचारत होत्या, "हे इथं का ठेवलंत?" बरोबर-चूक काही म्हणाल्या नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या आम्ही, कुणाच्या पोराला दहावीचे मार्क, कुणाच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर, आणि चिंचोक्यावरून हमरीतुमरीवर आलो होतो. घड्याळाकडं कुणी पाहिलं नाही.

तीन दिवसांतला तो दीड तास आम्हाला जसाच्या तसा आठवतो. बाकीचं वहीत आहे. वीज गेली नसती तर तो डबा पिशवीत तसाच परत गेला असता का? ताईंना आम्ही नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "वेळ उरला तर काढणार होते." आमचं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी डबा आधी काढा आणि पडदा वेळ उरला तर. मुलांना जसं शिकवायचं तसंच आम्हालाही शिकवा, म्हणजे आमच्या हातात ते येईल.

पण हातात आलं तरी जीभ जुनीच राहते, हे गावात परत आल्यावर कळलं. आमच्यातल्या एकीनं पहिल्याच आठवड्यात चिंचोके आणि गजगे पसरले. चार वर्षांचा एक मुलगा बराच वेळ मन लावून मांडत होता. एक मोठा गजगा, त्याच्या शेजारी दोन छोटे चिंचोके. पुन्हा एक मोठा, पुन्हा दोन छोटे. अशा पाच-सहा जागा केल्या. बाई जवळ गेली आणि तिच्या तोंडून पटकन निघालं, "असं नाही रे बाळा, मोठे इकडं, लहान तिकडं." पोरानं हात मागं घेतले आणि गप बसून राहिला. संध्याकाळी त्याच्या आजीनं सांगितलं, "आज त्यानं घरं मांडली होती म्हणं. मोठी आई आणि दोन पोरं. आमच्या घरात तसंच आहे ना."

ही गोष्ट तिनं बीट सभेत स्वतः सांगितली. सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. त्या मुलानं मोठं-लहान ओळखलं होतं, एकाला दोन अशी जोडी लावली होती, ती सगळीकडं चुकवली नव्हती आणि वर त्यात आपलं घर घातलं होतं. आम्ही शिकवायला बसलो होतो त्याहून पुढचं तो करत होता. वीस-वीस वर्षं "असं नाही, तसं" म्हणत आलेली जीभ तीन दिवसांत बदलत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही ठरवलं की दर बीट सभेत माहिती भरून झाली की प्रत्येकीनं आपली एक फसलेली कृती सांगायची. जमलेली नाही, फसलेली. पहिल्या महिन्यात कुणी तोंड उघडेना. आता वेळ पुरत नाही.

आता त्या आईच्या प्रश्नाकडं येतो.

आमची पण एक कबुली आहे. पालक नाराज होऊ नयेत म्हणून आम्हीही तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना पाटीवर 'अ' गिरवायला लावत होतो. घरी पाटी भरून गेली की आई खूश. पेन्सिल मुठीत धरलेली, अंगठा पांढरा पडलेला, पण पाटी भरलेली. प्रशिक्षणात बोटांच्या स्नायूंचं ऐकलं तेव्हा पटलं होतं. पण आपल्याला पटणं आणि दुसऱ्याला पटवणं यात फरक आहे. तोंडानं सांगून आया ऐकेनात. मग चिंचोक्यांचा दिवस आठवला.

गटाच्या मासिक बैठकीत, हप्ते जमा झाल्यावर, आम्ही दहा मिनिटं मागून घेतली. एका सेविकेच्या मुलानं मोबाइलवरून तामीळ लिपीतली चार अक्षरं मोठी करून कागदावर काढून दिली होती. ती सगळ्यांना दिली आणि सांगितलं, डाव्या हातानं प्रत्येक अक्षर वीस वेळा गिरवा. बोलायचं नाही, उठायचं नाही. बाया आधी हसल्या. तीन-चार मिनिटांनी हसणं थांबलं. एकीनं पेन टाकलं आणि बोटं मोडली. एकजण शेजारणीचं बघून लिहायला लागली. एक म्हणाली, "पण हे आहे काय? म्हणतात कसं याला?" आम्ही काही बोललो नाही. दहा मिनिटांनी ज्या आईनं तो प्रश्न विचारला होता तिच्या कागदाकडं बघून आम्ही म्हटलं, "छान आलंय. उद्या पन्नास वेळा." तिनं आमच्याकडं असं काही पाहिलं की सांगता येत नाही. मग म्हणाली, "माझ्या पोराला असंच होत असंल का हो?"

उत्तर आम्हाला त्या बैठकीत सापडलं आणि ते तिनंच अर्धं दिलं. बोटांना आधी बळ लागतं. ते कणीक मळून येतं, मणी ओवून येतं, कागद फाडून, शेंगा सोलून, चिमटीनं तांदळातले खडे वेचून येतं. डोळ्याला आधी फरक दिसावा लागतो. गजगा आणि चिंचोका वेगळा कळणाऱ्या मुलाला पुढं 'म' आणि 'भ' वेगळे दिसतात. कानाला आधी आवाज वेगळे काढता यावे लागतात. 'कावळा' आणि 'कांदा' एकाच आवाजानं सुरू होतात हे ज्याला खेळता खेळता कळलं, त्याला 'क' शिकवायला नंतर फार कष्ट पडत नाहीत. आणि पोटात बोलायला काही असावं लागतं, नाहीतर लिहिणार काय? चिऊकाऊची गोष्ट सांगून झाल्यावर "काऊचं घर का वाहून गेलं?" असं आम्ही विचारतो. एकानं सांगितलं, "ग्रामसेवकाला सांगितलं नव्हतं." हे उत्तर पुस्तकात नाही, पण पोरगं विचार करतंय.

म्हणजे "लिहायला कधी शिकवणार?" याचं उत्तर असं की शिकवणं चालूच आहे, फक्त ते अजून पाटीवर उतरलेलं नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी रेघा, वळणं, आपलं नाव असं येईल. सातपैकी चार मुलं दिवाळीनंतर परत आली. तीन अजून गाडीतूनच जातात. त्या आयांवर आमचा राग नाही. आपल्या पोराला आपल्यापेक्षा बरं मिळावं म्हणूनच कुणी कर्ज काढतं.

अंगणवाडी हा शब्द आपल्याकडं कसा आला, हे आम्हाला त्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही, ते एका जुन्या सेविकेनं सांगितलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. साहित्य काय, तर बिया, पानं, शिंपले, खडे. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आमच्या ताईंच्या डब्यातले शिंपले कुठून आले असतील, असं आम्हाला तेव्हा वाटून गेलं. आमच्या गावापासून समुद्र केवढा लांब!

'नवचेतना'चं काम घरोघरी जाऊन करायचं असतं. बाळाच्या छत्तीस महिन्यांसाठी मिळून १४० कृती त्यात दिल्या आहेत, आणि त्या आईला, आजीला, बापालाही करून दाखवायच्या. आम्हाला आधी हे काम उगाच वाढवलेलं वाटलं. बाळाशी बोला, हे आपल्या आज्यांना शिकवायचं? एका घरी दहा महिन्यांची मुलगी होती. आजी म्हणाली, "लई शहाणी आहे, रडतच नाही." आमच्या सेविकेनं पुस्तकातल्याप्रमाणं बाळाच्या मागं बसून वाटीवर चमचा वाजवला. बाळानं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या बाजूनं वाजवला. नाही. नावानं हाक मारली, नाही. पुढं येऊन हसून पाहिलं, तर बाळ खुदकन हसलं. आजी गप्प झाली. सेविकेनं घाबरवलं नाही, पण पुढच्या आठवड्यात आशाताईला घेऊन गेली. बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी तपासून जिल्ह्याला पाठवलं. बाळाला ऐकू कमी येतं. उपचार चालू आहेत, घरचे न चुकता नेतात. तुमच्या घरात सहा महिन्यांच्या वरचं बाळ आवाजाकडं वळत नसेल, तर "मोठं झालं की होईल" म्हणू नका. आम्हाला सांगा, आशाताईला सांगा.

मदतनीस मावशींचं आम्हाला मुद्दाम बोलायचंय, कारण हा कागद लिहिताना त्याच सगळ्यात जास्त बोलल्या. आमच्या प्रशिक्षणाला मदतनीसांना बोलावणं नव्हतं. आणि सेविका बैठकीला, लसीकरणाला, सर्व्हेला गेली की अंगणवाडी कुणाच्या भरवशावर? मावशींच्या. मग अभ्यासक्रम तेवढे दिवस बंद. आम्ही शनिवारी मावशींना बसवून कृती दाखवायला लागलो. दोन शनिवारांत उलटं झालं. एका मावशींनी जात्यावरची, पेरणीची, जत्रेची इतकी बोलगाणी काढली की आम्हीच लिहून घेत बसलो. डाळ-तांदूळ निवडता निवडता मुलांना मोजायला लावणं त्या पहिल्यापासून करत होत्या. त्याला अभ्यासक्रम म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आम्हाला तरी कुठं सुचलं होतं. प्रशिक्षण सेविकेला तसं मदतनीसालाही द्या, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे.

दुसरी अडचण वेळेची. पोषण ट्रॅकरवर हजेरी, घरपोच आहाराची नोंद, वजन-उंची, कुठलासा फोटो अमुक वाजेपर्यंत पाठवा. मोबाइलला रेंज नसली की बाई अंगणात हात वर करून उभी, आणि आत पंधरा पोरं. दोन तास शिकण्याचे म्हणजे शिकण्याचे, हे वर ठरलंय खरं, पण ते दोन तास राखणार कोण? वरच्यांशी आम्ही बोलतो आहोत. गावातलं मात्र तुमच्या हातात आहे. सकाळी दहा ते बारा आम्हाला दाखल्यासाठी, सहीसाठी, आहाराच्या पाकिटासाठी हाक मारू नका. बारानंतर या, आम्ही असतो. आमच्या बीटमधल्या दोन गावांत ग्रामसंघानं हे दारावर लिहूनच लावलंय. एका गावात सरपंचांनाही त्या पाटीनं बाहेर थांबवलं, आणि ते थांबले, हे सांगायला हवं.

आणि शनिवारी, उजळणीच्या दिवशी, गटातली एकजण अंगणवाडीत यायची असं त्या दोन गावांत चाललंय. कुणी भाकरी थापून दाखवते आणि मुलांना पिठाचे गोळे देते. कुणी गोधडीचे तुकडे आणते आणि मुलं नक्षी लावतात. एका आजींनी नुसतं लहानपणी नदीला पूर आला होता ते सांगितलं, तर मुलं महिनाभर पूर-पूर खेळत होती. शाळा शिकलेलीच बाई पाहिजे असं काही नाही.

येत्या शनिवारी आमच्या सगळ्या अंगणवाड्यांत 'डब्याचा दिवस' आहे. घरातले चिंचोके, गजगे, तुटलेल्या मण्यांच्या माळा, झाकणं, निरुपयोगी बटणं, स्वच्छ धुतलेली रिकामी डबडी, कापडाच्या चिंध्या असं काय असेल ते घेऊन साडेदहाला या. काचेचं, टोकदार काही नको, आणि तोंडात गेलं तर अडकेल असं बारीक तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती द्यायचं नाही, ते आम्ही वेगळं ठेवू. चिंचोका बुडतो की तरंगतो हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. एकीचा तरंगला होता, पण तो किडका होता म्हणतात. तेव्हा चिंचोके जरा जास्तच आणा. तांब्या आमच्याकडं आहे.